कायम टिकणारी मागणी असलेला व्यवसाय तालुक्याच्या गावी कसा शोधावा?

प्रश्न : सेलूकर

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्याचा. चाकणच्या एका कारखान्यातील नोकरी सोडून मी गावी परत आलो आहे आणि आता इथेच राहण्याचा निर्णय पक्का आहे. घरची थोडी कोरडवाहू जमीन आहे, मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या रस्त्यावर वडिलांची एक पत्र्याची खोली आहे आणि सुमारे ६ लाख रुपयांची बचत आहे. घरातील व नात्यातील वडीलधारी मंडळी ‘लोकांना खायला तर रोजच लागते, हॉटेल टाक’ किंवा ‘किराणा कधी बंद पडत नाही’ असे सांगतात. त्यांचे म्हणणे मला खोटे वाटत नाही, पण त्याच रस्त्यावर अशी दुकाने उघडताना आणि वर्ष-दोन वर्षांत शटर खाली ओढताना मी पाहत आलो आहे. गरज कायमची असूनही दुकान टिकत नसेल, तर विचारात कुठेतरी एक पायरी सुटत असली पाहिजे.

माझे प्रश्न असे आहेत. माणसाला नेहमीच लागणार असलेल्या गोष्टींमधून आपल्यासाठी जागा असलेली गोष्ट कशी ओळखावी? ज्या तालुक्यात सगळा पैसा पावसावर आणि सोयाबीन-कापसाच्या भावावर फिरतो, तिथे कायमच्या मागणीतून बारा महिने उत्पन्न मिळू शकते का? आणि भांडवल घालण्याआधी ही खात्री कशी करून घ्यावी? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर : मोंढ्यावरचा (लातूर)

सेलूकर, आपण पायरीचा उल्लेख केलात, तिथूनच सुरुवात करतो. नातेवाईक गरजेचे नाव घेत नाहीत, ते दुकानाचे नाव घेतात. दूरच्या माणसाशी बोलण्याची गरज शंभर वर्षांपूर्वी होती आणि आजही आहे, परंतु प्रत्येक बसस्थानकासमोर रांगा लागत असलेले एसटीडी बूथ मोबाइल आल्यावर पाहता पाहता गेले. म्हणून वहीच्या एका बाजूला गरज लिहावी आणि दुसऱ्या बाजूला ती गरज आज तुमच्या तालुक्यात कोण, कशी आणि किती त्रासाने भागवतो ते लिहावे. ज्या गरजेपुढे ‘त्रास नाही’ असे लिहावे लागेल, तिथे नव्या माणसाला शिरकाव करायचा तर भाव पाडूनच करावा लागतो, आणि ६ लाखांच्या भांडवलावर तशी स्पर्धा पेलवत नाही.

आपल्याच मराठवाड्यातील एक उदाहरण या दृष्टीने फार शिकण्यासारखे आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको या बियाणे कंपनीची स्थापना केली. शेतकऱ्याला बियाणे लागते हे सर्वांना ठाऊकच होते, आणि तोपर्यंत बहुतेक घरी बियाणे राखूनच ठेवले जात असे. त्याच सुमारास देशात संकरित वाण आले. संकरित वाणाच्या पिकातले दाणे राखून पुन्हा पेरले तर पीक एकसारखे येत नाही, त्यामुळे दर हंगामात नवे आणि विश्वासाचे बियाणे घेणे शेतकऱ्याला भाग पडू लागले. पेरणीची गरज पूर्वापार होतीच, तिच्यात एक नवी अडचण निर्माण झाली आणि ती अडचण नीट सोडवणाऱ्याला दरवर्षी परत येणारा ग्राहक मिळाला. पुढे जालना हे बियाणे उद्योगाचे मोठे केंद्र झाले आणि १९९८ मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याला एवढे मोठे व्हायचे नसेल, तरी शोधण्याची रीत हीच आहे.

आता मला जवळून माहीत असलेल्या धंद्याविषयी लिहितो, तो म्हणजे डाळ. आपला शेतकरी तूर पिकवतो, ती मोंढ्यात आडत्याकडे घालतो आणि पुढे वर्षभर किराण्यातून डाळ विकत आणतो. घरची तूर घरी भरडण्याचा उपद्व्याप किती मोठा आहे हे आपल्या आजीला विचारून पाहा. आधी दाण्याला ओरखडा पाडायचा, मग तेलाचा हात आणि पाणी लावून तो मुरवायचा, कडक उन्हात वाळवायचा, जात्यावर भरडायचा आणि शेवटी पाखडून चुणी वेगळी करायची. इतका वेळ आता कोणत्याही घरात उरलेला नाही, पण घरच्या तुरीच्या डाळीची चव मात्र कोणी विसरलेले नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या मिनी दालमिलवर हे काम गावातच होते. शेतकरी कट्टा आणून टाकतो, भरडाईचे पैसे देतो आणि स्वतःच्या शेतातली डाळ घेऊन जातो. माल त्याचा असल्यामुळे खरेदीत आपले भांडवल अडकत नाही आणि भावाच्या चढउताराची जोखीमही आपल्यावर येत नाही. चुणी बहुतेक जण दुभत्या जनावरांसाठी घरी नेतात, जी मागे राहते तिलाही गिऱ्हाईक असते.

यातली अडचणही सांगायला हवी. तुरीचा हंगाम साधारण जानेवारी ते मार्च एवढाच. हरभरा त्याच सुमारास, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, आणि मूग-उडीद ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. मधले महिने यंत्र झाकून ठेवावे लागते. म्हणून एकट्या दालमिलवर घर चालवण्याचे गणित मांडू नये. त्याच जागेत, त्याच वीजजोडणीवर आणि त्याच माणसाच्या हातून होणारे दुसरे काम जोडावे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. मराठवाड्यात धंद्याची परीक्षा दिवाळीत घेऊ नये, आषाढात घ्यावी. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे पैसे हातात येतात, ऊसतोडीला जाणाऱ्यांना मुकादमाकडून उचल मिळते आणि बाजारातल्या प्रत्येक दुकानात गर्दी दिसते. जून-जुलैमध्ये तेच कुटुंब बियाणे, खत आणि मुलांच्या शाळेचा खर्च यांत अडकलेले असते. त्या दिवसांत लोक कोणत्या गोष्टीसाठी रोख पैसे बाहेर काढतात, कोणती गोष्ट उधार मागतात आणि कोणती सरळ पुढे ढकलतात, हे आठवडी बाजारात आणि मेडिकल, गिरणी, दुरुस्तीच्या दुकानांपाशी थांबून लिहून काढा. नोंद करण्यात एक पावसाळा गेला तरी चालेल. घाई केली तर पुढची अनेक वर्षे त्याची किंमत मोजावी लागते.

उत्तर : वायंडिंगवाला (जालना)

वरील उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे, एका मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे. जिथे आधीच दुकाने आहेत तिथे भाव पाडल्याशिवाय शिरकाव होत नाही, असे मला वाटत नाही. मोटार वायंडिंगची, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्याने गुंडाळून देणारी दुकाने प्रत्येक तालुक्याच्या गावात असतात आणि तरीही बहुतेक ठिकाणी शेतकरी नाराज असतो, कारण त्याला दुरुस्तीच्या दरापेक्षा वाट पाहण्याचा जाच जास्त होतो.

पाण्याची गरज कायमची आहे, हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. १९७२चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहे, आणि २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले ते आपण सर्वांनी पाहिले. पण ही गरज शेतकऱ्याच्या दारात कोणत्या रूपाने येते ते पाहा. तीन फेजपैकी एक फेज गेला की चालू असलेली मोटार उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते, तापते आणि वायंडिंग जळते. बोअरचे पाणी खाली गेले आणि पंप कोरडा चालला तरी नुकसान होतेच. मोटार जळते ती नेमकी पिकाला पाणी हवे असताना, कारण ती त्याच वेळी सर्वांत जास्त चालवली जाते. मग बोअरमधून पाइपांसह मोटार वर काढायची, गाडीत घालून तालुक्याला न्यायची, आणि तिथे पाहावे तर अशाच मोटारींचा ढीग पडलेला असतो. एकेक दिवस उशीर झाला की मोसंबीची फळगळ वाढते आणि भाजीपाला डोळ्यांदेखत माना टाकतो.

आम्ही दुकानात नेहमीच्या अश्वशक्तीच्या काही चालू मोटारी तयार ठेवतो आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या भाड्याने देतो. भाड्याचे पैसे फार मिळत नाहीत, परंतु एकदा अशी मदत मिळालेला शेतकरी दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नाही आणि तांब्याच्या तारेचा भाव वाढला म्हणून दर वाढवला तरी तक्रार करत नाही. सेलूकर, आपण कारखान्यात काम केलेले आहे, त्यामुळे आपल्याला यंत्रांची सवय असेल असे गृहीत धरतो. तसे असेल तर या बाजूचा विचार जरूर करावा. सौर कृषिपंप आता गावोगाव बसू लागले आहेत. पाणी उपसण्याची गरज तीच राहील, पण उद्या दुरुस्तीला कंट्रोलर येतील, आणि ते उघडून पाहू शकणारी माणसे तालुक्यात आज फार थोडी आहेत.

उत्तर : खानावळवाल्या ताई (लातूर)

मी शिकवणीसाठी लातूरला राहणाऱ्या मुलामुलींसाठी खानावळ चालवते आणि डबेही पुरवते. ‘खायला रोजच लागते’ या वाक्यावरच माझे घर उभे आहे, म्हणून थोडे लिहिते.

आमच्याकडे बाहेरगावची मुले वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी येतात. जेवण मुलगा करतो, पैसे देतो बाप, आणि तो बाप नांदेडला, बीडला किंवा थेट विदर्भात असतो. हा मुद्दा आपल्या दुसऱ्या प्रश्नाला लागू पडतो. लातूरला पाऊस पडला नाही म्हणून माझ्या खानावळीतली ताटे कमी होत नाहीत, कारण इथल्या जेवणाचे पैसे अनेक जिल्ह्यांतून आणि बरेचसे पगारातून येतात. आपल्या तालुक्यातही असे लोक शोधा, ज्यांची गरज गावात आहे पण जिचे पैसे बाहेरून येतात. मुले पुण्याला नोकरीला आणि म्हातारे आई-वडील गावी, अशी घरे आपल्याकडे किती झाली आहेत! आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी परभणीला घेऊन जाणे, तिथे रांगेत सोबत थांबणे, औषधे समजून घेऊन मुलाला फोनवर नीट सांगणे, एवढ्या कामासाठी मुलगा आनंदाने पैसे देईल, फक्त माणूस विश्वासाचा हवा. हे काम मला फार गरजेचे वाटते, आणि ते नीट करणारे कोणी माझ्या पाहण्यात नाही.

खानावळीचे दोष सांगते. मे महिन्यात परीक्षा झाली की खोल्या रिकाम्या होतात आणि जूनमध्ये नवी मुले येईपर्यंत भाडे व स्वयंपाकिणींचे पगार आपल्याच अंगावर असतात. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याचा खर्च वाढतो. पोळ्या लाटणारी बाई एक दिवस आली नाही तर सगळ्यांचे जेवण लांबते. पण माझी रोजची खरी अडचण वेगळीच आहे, ती म्हणजे ज्वारीचे पीठ. मुलांना भाकरी हवी असते, विशेषतः आपल्या भागातल्या मुलांना. ज्वारीचे पीठ दळून थोडे दिवस झाले की त्याला विरी जाते. मग कितीही उकळते पाणी घातले, कितीही मळले, तरी भाकरी थापताना कडेला चिरते, तव्यावर टाकताना तुटते आणि डब्यात दुपारपर्यंत तिची पापडी होते. दुकानात मिळणाऱ्या पिशवीवर दळल्याची तारीख असते, पण ती महिन्याभरापूर्वीची असते. म्हणून मी ज्वारी साठवते, निवडून घेते आणि दर दोन-तीन दिवसांनी गिरणीत पाठवते. निवडणे, पाठवणे, आणणे यांत माझा एक माणूस अडकतो. दर तिसऱ्या दिवशी सकाळी ताजे, खडा नसलेले मालदांडी ज्वारीचे पीठ कोणी दारात आणून दिले, तर मी बाजारभावापेक्षा जास्त दर देईन आणि महिन्याचे पैसे आगाऊ देईन. माझ्या ओळखीच्या खानावळींचेही हेच म्हणणे आहे.

उत्तर : निवृत्त शाखाधिकारी (नांदेड)

बँकेत असताना कर्जाचे अनेक प्रस्ताव माझ्या टेबलावरून गेले. ‘या वस्तूला कायम मागणी आहे’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक प्रस्तावात असे, आणि बहुतेकदा ते खरेही असे. जे व्यवसाय अडचणीत आले त्यांचा माल खपत होता, मात्र पैसे वेळेवर परत येत नव्हते. आपल्या भागात उधारी ‘सोयाबीन आल्यावर’ या बोलीवर चालते. सोयाबीन आल्यावर भाव पडलेला असेल तर शेतकरी माल घरी ठेवतो, आणि दुकानदाराचे पैसे त्याच्या वहीत राहतात, तर कर्जाचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला येतो. त्यामुळे सेलूकर यांनी आपल्या ६ लाखांपैकी निम्म्याच्या वर रक्कम यंत्र, फर्निचर आणि पाटी यांत घालू नये. उरलेली रक्कम खेळते भांडवल म्हणून हाताशी ठेवावी आणि उधारी किती जणांना, किती रुपयांपर्यंत द्यायची हे पहिल्याच दिवशी ठरवून भिंतीवर लावावे.

योजनांविषयी थोडक्यात. अन्नप्रक्रियेचा छोटा उद्योग असेल तर पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे आणि स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के लागतो. त्याची चौकशी कृषी विभागाच्या कार्यालयात होते. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागासाठी सर्वसाधारण प्रवर्गाला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आदींना ३५ टक्के अनुदान असते. त्यासाठी जिल्हा उद्योग केंद्र गाठावे. अर्ज करण्यापूर्वी योजनेची चालू मुदत आणि अटी तिथेच विचाराव्यात. अनुदानाची रक्कम सुरुवातीला आपल्या हातात येत नाही, ती बँकेत वेगळी ठेवली जाते आणि ठरलेली वर्षे उद्योग चालू राहिल्यानंतरच कर्जात वळती होते, हे अनेकांना फार उशिरा समजते. म्हणून अनुदान नसते तरी हा व्यवसाय मी केला असता का, याचे उत्तर ‘हो’ असेल तरच अर्ज करावा.

सेलूकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वायंडिंगवाले दादा, मी कारखान्यात जुळणीच्या विभागात होतो, विद्युत काम मला येत नाही, त्यामुळे ती वाट सध्या बाजूला ठेवतो. मोंढ्यावरचे काका आणि ताई यांच्या उत्तरांतून एक कल्पना आकार घेत आहे. आमच्या खोलीला थ्री फेज जोडणी मिळू शकते. धान्य स्वच्छ करण्याचे यंत्र व गिरणी यांवर बारा महिने काम, आणि जमेल तेव्हा शेजारी मिनी दालमिल, असा विचार करतो आहे. आमच्या भागात रब्बीची ज्वारी अजून बऱ्यापैकी होते. माझी शंका अशी की पुण्यात राहणाऱ्या आपल्या माणसांना गावची ज्वारी हवी असते. त्यांच्यासाठी पिठाच्या पिशव्या भरून पाठवाव्यात का?

मोंढ्यावरचा (लातूर)

पुण्याला पीठ पाठवू नये, ज्वारी पाठवावी. ताईंनी विरीविषयी जे लिहिले आहे ते पुण्याच्या स्वयंपाकघरातही तसेच घडेल. ज्वारीच्या अंकुरात तेलाचा अंश असतो, दळल्यावर तो हवेशी येतो आणि पिठाला कडवटपणा येऊ लागतो. अख्खा दाणा मात्र कडक वाळवलेला आणि नीट बंद केलेला असेल तर महिनोन्‌महिने टिकतो. पुण्यातल्या माणसाची अडचण पिठाची नाहीच, गिरण्या तिथेही आहेत. त्याला खडे, माती आणि सोंडे नसलेली, एकाच वाणाची, आपल्या भागातली ज्वारी खात्रीने मिळत नाही, ही त्याची अडचण आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये रास झाली की ज्वारी घ्यावी, वाळवावी, चाळून स्वच्छ करावी आणि पाच-दहा किलोच्या पिशव्यांत भरावी. अन्न सुरक्षा नोंदणी आणि पिशवीवर वजन, किंमत, तारीख छापणे याला पर्याय नाही. ज्वारी खरेदीत भांडवल अडकते, म्हणून पहिल्या वर्षी आधी ऑर्डर घेऊन तेवढीच ज्वारी घ्यावी.

पीठ मात्र जवळच्यांनाच द्यावे. सेलू, परभणी आणि आजूबाजूच्या गावांतील खानावळी, ढाबे, रुग्णालयांना डबे देणारे, वसतिगृहे यांच्याकडे एकेकदा जाऊन या.

खानावळवाल्या ताई (लातूर)

त्यांच्याकडे जाताना ‘पीठ घ्याल का’ असे विचारू नका, त्याला सगळे ‘हो’ म्हणतात. सध्या दळण कोण नेतो, ज्वारी कोण निवडतो, आठवड्यात किती किलो लागते आणि भाकरी कोणत्या दिवशी बिघडली होती, हे विचारा. मग पाच किलो पीठ त्याच सकाळी दळून द्या, त्याचे पैसे घ्या, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही फोन करण्याआधी त्यांचा फोन येतो का ते पाहा. वडिलांच्या खोलीत यंत्र बसवण्याआधी हे काम गावातल्या एखाद्या गिरणीवर दळून घेऊनही करता येईल. श्रावण महिना त्यात धरा, कारण त्या दिवसांत उपवास जास्त असतात आणि भाकरीचा खप कमी होतो. तेव्हाचे आकडे हातात आले की किती अश्वशक्तीची गिरणी घ्यायची ते तुम्हाला ठरवता येईल. लातूरला दर तिसऱ्या दिवशी पोहोचवणे सेलूहून परवडणार नाही, नाहीतर पहिली ऑर्डर मीच दिली असती. परभणीत माझ्या मावसबहिणीची खानावळ आहे. तिला विचारून तुम्हाला इथेच निरोप देते.